शेवटचा नंबर लागण्याआधीची शर्यत : छोट्या संघांचे स्कीपटू ऑलिम्पिकपर्यंत कसे पोचतात?

१३ फेब्रुवारी २०२२. बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधली पुरुषांची जायंट स्लॅलम, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांच्या गेटांमधून वळत दोनदा खाली यायची स्की शर्यत. बर्फ इतका पडत होता की पुढचं गेट नीट दिसत नव्हतं. नव्वदच्या आसपास स्कीपटू या शर्यतीत होते. दोन्ही रन पूर्ण करून निकालपत्रकात नाव लागलं ते फक्त ४६ जणांचं. त्या यादीच्या तळाशी ४४ वा सौदी अरेबियाचा फायक आब्दी, ४५ वा आपला आरिफ खान आणि ४६ वा जमैकाचा बेंजामिन अलेक्झांडर. आल्पाइन, म्हणजे उतारावरच्या, स्कीइंगमध्ये या तिन्ही देशांचा ‘संघ’ म्हणजे हा एकेक माणूस.

त्यानंतर पुण्यात मला वेगवेगळ्या लोकांनी एकच प्रश्न विचारला. ट्रेकला जाताना बसमध्ये, स्केटिंग रिंकच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत. “एवढा मोठा देश आणि शेवटून दुसरा?” विचारणाऱ्यांच्या मनात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न यायचा, “मग त्याला पाठवलं कसं? तिथे कोणीही जाऊ शकतं का?”

कोणीही जाऊ शकत नाही. त्या ४५ व्या क्रमांकाच्या आधी दीड-दोन वर्षं एक वेगळीच शर्यत चाललेली असते. ती टीव्हीवर दिसत नाही, तिला प्रेक्षक नसतात आणि तिचा निकाल दशांश चिन्हाच्या पुढच्या दोन आकड्यांपर्यंत मोजला जातो. छोट्या संघाची खरी स्पर्धा ती. हा लेख तिच्याबद्दल आहे.

आधी ‘छोटा’ म्हणजे काय ते पाहू. लिक्टेनस्टाइन हा स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये वसलेला देश, क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम ४० हजार. या देशाच्या खात्यात हिवाळी ऑलिम्पिकची १० पदकं आहेत आणि दहाच्या दहा आल्पाइन स्कीइंगमधली. हान्नी वेन्झेलने १९८० साली एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं, तिचा भाऊ आंद्रेआस यानेही त्याच स्पर्धेत रौप्य मिळवलं, आणि २०१८ मध्ये हान्नीची मुलगी टिना वाइराथर हिने सुपर-जी या वेगवान प्रकारात कांस्य आणलं. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये मात्र लिक्टेनस्टाइनला अजून एकही पदक मिळालेलं नाही.

तिथलं स्कीइंगचं गाव माल्बुन साधारण १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढंच. फरक अक्षांशाचा आहे. ते ४७ अंश उत्तरेला, आपण १९ च्या आसपास. तिथल्या मुलाला शाळा सुटल्यावर स्की करता येतं, इथल्या मुलाला बर्फ बघायलाही दोन दिवसांचा प्रवास. म्हणून स्कीइंगमध्ये देशाचा आकार लोकसंख्येवर ठरत नाही. आपल्या घरापासून बर्फ किती दूर आणि वर्षाला किती मान्यताप्राप्त शर्यतींत उतरता येतं, यावर तो ठरतो. त्या मापाने लिक्टेनस्टाइन मोठा देश आहे. भारत, घाना, टोंगा, पूर्व तिमोर, मादागास्कर हे सगळे छोटे.

आता हिशोबाकडे वळू. थोडं सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

स्कीइंगचा जागतिक महासंघ म्हणजे एफआयएस, स्थापना १९२४. महासंघाच्या मान्यताप्राप्त शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक स्कीपटूला प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात. इथे गुण जितके कमी तितका खेळाडू चांगला. जगातले अव्वल स्कीपटू शून्याच्या आसपास असतात, नवखा माणूस काहीशेवर असतो. वर्षभर धडपड चालते ती आकडा खाली आणायची.

हे गुण दोन तुकड्यांनी बनतात. पहिला तुकडा म्हणजे त्या दिवशी विजेत्याच्या तुलनेत तुम्ही किती टक्के जास्त वेळ घेतलात. ही टक्केवारी एका ठरावीक आकड्याने गुणायची. स्लॅलमसाठी, म्हणजे जवळजवळच्या गेटांच्या शर्यतीसाठी, तो आकडा ७३०, जायंट स्लॅलमसाठी १,०१०. समजा, स्लॅलममध्ये विजेत्याला दोन रन मिळून १०० सेकंद लागले आणि तुम्हाला ११०. तुम्ही १० टक्के मागे, म्हणजे ७३० चा दहावा हिस्सा, ७३ गुण.

पण विजेता कोण होता? तो जगातला पहिल्या दहातला असेल, तर त्याच्यापेक्षा १० टक्के मागे असणं ही मोठी गोष्ट आहे. तो स्वतःच नवखा असेल, तर नाही. हे निस्तरण्यासाठी दुसरा तुकडा आहे, त्याला पेनल्टी म्हणतात. पुण्यातल्या पालकांना हे समजावायला मला सीईटीचं उदाहरण सगळ्यात सोयीचं वाटतं. परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत होते, कुणाचा पेपर सोपा निघतो, कुणाचा अवघड. म्हणून नुसत्या मार्कांवर न जाता त्या सत्रात बसलेली मुलं कशी होती हे बघून मार्कांचं नॉर्मलायझेशन करतात. पेनल्टी हेच काम करते. शर्यतीला उभे राहिलेल्यांपैकी सर्वोत्तम पाच जणांचे आधीचे गुण घ्यायचे, पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सर्वोत्तम पाच जणांचे आधीचे गुण त्यात मिळवायचे, या दुसऱ्या पाच जणांनी त्या दिवशी वेळेवरून कमावलेले गुण वजा करायचे आणि उरलेल्याला दहाने भागायचं. चांगले स्कीपटू आले असतील तर पेनल्टी कमी, कच्चे असतील तर जास्त. ती सगळ्यांच्या गुणांत मिळवली जाते. ऑलिम्पिकसारख्या सर्वोच्च स्पर्धेत ती शून्य धरली जाते.

वरच्याच उदाहरणात पेनल्टी ५० निघाली तर तुमचे गुण १२३. ८० निघाली तर १५३. तुम्ही त्याच वेगाने, तेवढ्याच चांगल्या स्की केल्यात, पण शेजारी कोण उभं होतं यावर ३० गुणांचा फरक पडला.

हे ३० गुण आयुष्य बदलू शकतात. २०१४ च्या सोची आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकसाठी छोट्या देशांना जी सवलत होती तिची मर्यादा १४० गुणांची होती. नियम असा की, ज्या देशाचा एकही स्कीपटू नेहमीच्या कडक निकषात बसत नाही त्या देशाने एक पुरुष आणि एक महिला पाठवावी, मात्र त्या खेळाडूच्या स्लॅलम किंवा जायंट स्लॅलममधल्या सर्वोत्तम पाच शर्यतींची सरासरी १४० च्या आत हवी. मर्यादेचा आकडा दर ऑलिम्पिकला वर-खाली होतो, चौकट साधारण तीच राहते. सरासरी १२३ असेल तर तुम्ही उद्घाटनाला झेंडा घेऊन चालताय. १५३ असेल तर घरी बसून तेच बघताय.

सवलत फक्त स्लॅलम आणि जायंट स्लॅलमला का, असं लोक विचारतात. कारण साधं आणि गंभीर आहे. डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या शर्यती आहेत. डाउनहिलमध्ये स्कीपटू ताशी १०० किलोमीटरच्या बराच वर जातो. तिथे कमी अनुभवाचा माणूस सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. स्लॅलममध्ये गेट जवळजवळ असतात, वळणं आखूड असतात, वेग त्यामानाने आटोक्यात राहतो. पडलात तर बहुतेक वेळा शर्यत जाते, माणूस वाचतो. माझ्या मते हा निर्णय पूर्णपणे योग्य आहे आणि तो कधीही सैल होऊ नये.

तर आता १४० सारख्या आकड्याच्या आत यायचं आहे. पाच शर्यतींची सरासरी हवी, म्हणजे पाच चांगले निकाल हवेत. स्लॅलममध्ये निम्मे लोक गेट चुकवून किंवा पडून बाद होतात, तेव्हा पाच निकालांसाठी कितीतरी जास्त शर्यतींना उतरावं लागतं. शर्यती कुठे असतात? मुख्यतः युरोपात आणि उत्तर अमेरिकेत. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळा असताना चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंडमध्ये हिवाळा असतो, तेव्हा तिकडे. प्रत्येक ठिकाणी विमान, गाडी, राहणं, लिफ्टचा पास, प्रशिक्षक. सोबत सामान. स्लॅलमची स्की वेगळी, पुरुषांसाठी किमान १६५ सेंटीमीटर. जायंट स्लॅलमची वेगळी, १९३ सेंटीमीटर, कारण तिथे लांब वळणं घ्यायची असतात. मोठ्या संघात स्कीच्या लोखंडी कडांना धार लावायला आणि तळाला वॅक्स करायला स्वतंत्र माणूस असतो. छोट्या संघात खेळाडू स्वतःच रात्री हॉटेलच्या तळघरात बसून कडा घासतो आणि सकाळी शर्यतीला उभा राहतो. झोपेची किंमत किती ते कुठल्याच निकालपत्रकात येत नाही.

आरिफ खानचं उदाहरण यासाठीच नीट पाहण्यासारखं आहे. गुलमर्गजवळचा हा मुलगा. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान, त्यामुळे चार-पाच वर्षांचा असताना पायात स्की आल्या. म्हणजे भारतात बर्फाच्या जितकं जवळ जन्माला येता येतं तितक्या जवळ तो जन्मला. तरीही २०१८ चं ऑलिम्पिक त्याच्या हातून गेलं, कारण पात्रता शर्यतींसाठी फिरायला पैसे पुरले नाहीत. लोकवर्गणीचा प्रयत्नही झाला, तो अपुरा पडला. पुढच्या वेळी त्याने बीजिंगसाठी एक सोडून दोन प्रकारांत पात्रता मिळवली, आणि असं करणारा तो पहिला भारतीय ठरला. जायंट स्लॅलमची पात्रता मॉन्टेनेग्रोत मिळाली. स्लॅलमची मिळाली दुबईत.

हो, वाळवंटातल्या दुबईत. २००५ मध्ये तिथल्या एका मॉलमध्ये बर्फाचं बंदिस्त मैदान सुरू झालं. त्याचा उतार साधारण ८५ मीटर उंचीचा आहे. नवख्या देशांसाठी महासंघाने ‘एंट्री लीग’ नावाचा शर्यतींचा एक स्तर ठेवला आहे, त्यात कमी उंचीचा उतार चालतो. म्हणून असा बंदिस्त हॉलसुद्धा ऑलिम्पिकच्या वाटेवरचं स्टेशन होऊ शकतो. अनेकांना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. ज्यांच्या देशात डोंगरच नाहीत किंवा डोंगर आहेत पण शर्यती नाहीत, त्यांना पहिली पायरी कुठेतरी मिळायला हवी, आणि ती पायरी फार सोपी होणार नाही याची काळजी नियमांनी घेतली आहेच. छोट्या शर्यतींना किमान पेनल्टी ठरवून दिलेली असते. तिच्याखाली आकडा जातच नाही.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला या सगळ्या हिशोबात सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीजिंगला आरिफचा एकूण वेळ २ मिनिटं ४७.२४ सेकंद. सुवर्ण जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटचा २ मिनिटं ९.३५ सेकंद. फरक जवळपास ३८ सेकंदांचा, म्हणजे २९ टक्क्यांच्या थोडा वर. याला १,०१० ने गुणा, गुण येतात साधारण २९६. ऑलिम्पिकला येण्यासाठी जेवढे लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. मग पात्रता खोटी होती का?

खोटी नव्हती. तीन गोष्टी एकत्र आल्या. एक, पात्रता ही सर्वोत्तम पाच दिवसांची सरासरी असते, ऑलिम्पिक हा एकच दिवस, आणि तोही हिमवृष्टीचा. दुसरी, लहान, सोप्या उतारावर सगळ्यांमधलं अंतर आखडतं. तिथे चूक करायला जागाच कमी असते, त्यामुळे अव्वल माणूस आणि मधला माणूस टक्केवारीत जवळ दिसतात. उंच, उभ्या, बर्फ दगडासारखा टणक केलेल्या उतारावर तेच अंतर ताणलं जातं. तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते, ती म्हणजे बिब नंबर, छातीवर लावलेला सुटण्याचा क्रमांक.

शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत, एकेक करून सुटतात, आणि क्रम गुणांवर ठरतो. अव्वल १५ जण सोडत काढून पहिल्यांदा. मग बाकीचे उतरत्या गुणवत्तेने. छोट्या देशाचा स्कीपटू सत्तराव्या, ऐंशीव्या नंबरावर. स्लॅलमच्या गेटभोवती प्रत्येक जण त्याच जागी वळतो, आणि प्रत्येक वळणाला स्कीची धारदार कड बर्फ खरवडते. पहिल्या माणसाला गुळगुळीत उतार मिळतो. ऐंशीव्याला प्रत्येक गेटपाशी खोल चर मिळतात, कधी गुडघा हादरवणारे. म्हणूनच उतारात आधी पाणी मुरवून तो गोठवतात, म्हणजे पृष्ठभाग जास्त वेळ टिकतो. तरी तो शेवटपर्यंत सारखा राहत नाही. ज्याला सगळ्यात जास्त मदतीची गरज आहे त्याच्या वाट्याला सगळ्यात खराब उतार येतो. खराब उतारावर वेळ जास्त लागतो, वेळ जास्त म्हणून गुण जास्त, गुण जास्त म्हणून पुढच्या शर्यतीतही बिब मागचा. हे चक्र तोडायला एकच उपाय आहे. भरपूर शर्यती खेळायच्या आणि दर वेळी दोन-पाच नंबर पुढे सरकायचं. म्हणजे पुन्हा पैसा आणि वेळ.

हे लक्षात घेतलं की निकालपत्रक वेगळं दिसायला लागतं. सोचीत २०१४ मध्ये पूर्व तिमोरचा योहान गूत गोंसाल्व्हिस स्लॅलममध्ये ४३ वा, पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा आला. पण सुरुवातीला त्या रांगेत शंभराहून जास्त जण उभे होते. वॅंकुव्हरला २०१० मध्ये घानाचा क्वामे एनक्रुमा-अचिआम्पोंग ४७ वा आला, तेव्हाही स्लॅलम सुरू करणाऱ्यांत निम्मे लोकसुद्धा शेवटच्या रेषेपर्यंत पोचले नव्हते. खरवडलेल्या उतारावर दोन वेळा उभं राहून खाली येणं हेच कौशल्य आहे. बीजिंगच्या स्लॅलममध्ये आरिफ पहिल्याच रनमध्ये बाद झाला होता. त्यामुळेही मला त्याचा जायंट स्लॅलममधला ४५ वा क्रमांक मोलाचा वाटतो.

बर्फ नसलेल्या देशांसाठी दुसरा रस्ता क्रॉस-कंट्री स्कीइंगचा. इथे उतारावरून घसरायचं नसतं, मैलोन्मैल स्की ढकलत जायचं असतं. फुफ्फुसं आणि मांड्या यांचा खेळ. मोठा फायदा म्हणजे रोलर स्की, म्हणजे चाकं लावलेल्या आखूड स्की. त्या डांबरी रस्त्यावर चालतात आणि रोलर स्कीच्या मान्यताप्राप्त शर्यतींचे गुण धरले जातात. टोंगाचा पिटा टाउफाटोफुआ या मार्गाने गेला. रिओच्या २०१६ ऑलिम्पिकमध्ये तो तायक्वांदो खेळला होता. मग त्याने हिवाळी ऑलिम्पिकचा ध्यास घेतला, रस्त्यांवर रोलर स्की केलं, आणि शेवटचा आवश्यक निकाल आइसलंडमधल्या इसाफ्योर्दूर या गावी, पात्रतेची मुदत संपायच्या अगदी तोंडावर मिळवला. छोट्या देशांसाठी तेव्हाची मर्यादा ३०० गुणांची होती. प्योंगचांगला १५ किलोमीटरच्या शर्यतीत त्याला ५६ मिनिटं ४१ सेकंद लागले, विजेत्या दारियो कोलोन्याला ३३ मिनिटं ४४ सेकंद. पिटा ११४ वा आला. त्याच्यानंतर सगळ्यात शेवटी, ११६ वा, मेक्सिकोचा हेर्मान माद्राझो पोचला, तेव्हा पिटा आणि इतर छोट्या देशांचे स्पर्धक रेषेपाशी थांबून होते आणि त्यांनी त्याला खांद्यावर उचललं.

त्याच्या वीस वर्षं आधी, १९९८ च्या नागानोमध्ये, केनियाचा फिलिप बोइट १० किलोमीटरच्या शर्यतीत ९२ वा, शेवटचा आला. विजेता नॉर्वेचा ब्योर्न डेली त्याच्या वीस मिनिटं आधी पोचला होता. तरीही पदक समारंभ रोखून तो बोइटची वाट बघत थांबला आणि त्याने त्याला मिठी मारली. बोइटने पुढे आपल्या मुलाचं नाव डेली ठेवलं. हे वाचताना दर वेळी माझ्या घशात काहीतरी दाटतं. डेलीला काय माहीत होतं? त्याला उतार, चढ, बर्फ माहीत होता. बोइटने कशातून वाट काढली असेल ते त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार?

दरवाजा मात्र पूर्ण सताड उघडा नाही, आणि तसा नसावाही. १९८८ च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा एडी एडवर्ड्स स्की जंपिंगमध्ये शेवटचा येऊनही प्रचंड लोकप्रिय झाला. त्यानंतर ऑलिम्पिक समितीने प्रवेशाचे निकष कडक केले. आज आल्पाइन स्कीइंगला मिळून ३०६ जागा असतात, पुरुष १५३ आणि महिला १५३. बीजिंगला ही संख्या तेवढीच होती, आणि त्या ऑलिम्पिकमध्ये एकूण ९१ देश उतरले होते. एका छोट्या देशाला दिलेली जागा म्हणजे ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडच्या, कदाचित जगात चाळिसाव्या असलेल्या, स्कीपटूची जागा. ही खंत खरी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. पण ऑस्ट्रियाच्या त्या मुलाकडे विश्वचषकाच्या मालिका आहेत, देशातल्या स्पर्धा आहेत, पुढचं वर्ष आहे. छोट्या देशातल्या सगळ्या मुलांकडे मिळून ती एक जागा आहे. ती काढून घेतली तर त्या देशात पुढचा स्कीपटू घडायचं कारणच संपतं. जागा एका माणसाची वाटते, प्रत्यक्षात ती त्याच्या मागे येणाऱ्यांची असते.

गैरवापराचे आरोपही झाले. प्रसिद्ध व्हायोलिनवादक व्हॅनेसा-मे सोचीत थायलंडकडून जायंट स्लॅलममध्ये उतरली आणि ६७ वी, म्हणजे शेवटची आली. तिच्या पात्रतेच्या स्लोव्हेनियातल्या शर्यतींचे निकाल फिरवले गेले असं महासंघाने नंतर ठरवलं आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. २०१५ मध्ये क्रीडा लवादाने ती बंदी उठवली, कारण तिने स्वतः गैरप्रकार केल्याचा पुरेसा पुरावा नव्हता. या प्रकरणातून कळण्यासारखं हे की, कोणत्या शर्यतीला कोण स्कीपटू उभे राहिले याला एवढं महत्त्व का. पेनल्टीचा हिशोब तुम्हाला आता माहीत आहे. चांगल्या गुणांचे चार-पाच जण आले की सगळ्यांचाच आकडा खाली येतो.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : “हे खेळाडू तर परदेशातच वाढलेले असतात.” बऱ्याच वेळा खरं आहे. योहान फ्रान्समध्ये जन्मला, आई पूर्व तिमोरची. मादागास्करकडून २०१८ आणि २०२२ ची हिवाळी ऑलिम्पिक खेळलेली मियालितियाना क्लेर्क लहानपणीच फ्रेंच कुटुंबात दत्तक गेली होती. पण स्कीइंग हा खेळच असा की बर्फ असेल तिथेच शिकता येतो. मादागास्करच्या मुलीने तो मादागास्करमध्ये शिकावा ही अट घालणं म्हणजे तिने तो शिकूच नये असं म्हणणं. त्यापेक्षा माझं लक्ष हे खेळाडू नंतर काय करतात इकडे असतं. योहानने पूर्व तिमोरचा स्की महासंघच उभा केला. सेनेगलचा लामिन गेय १९८४ च्या सारायेवोमध्ये उतरला, हिवाळी ऑलिम्पिकमधला तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू. त्याच्यासाठी आधी कोणीच वाट पाडली नव्हती.

भारताचीही वाट अशीच, एकेका माणसाने पाडलेली. १९६४ मध्ये इन्सब्रुकला जेरेमी बुजाकोव्स्की गेला, तो हिवाळी ऑलिम्पिकमधला पहिला भारतीय. १९८८ मध्ये शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली, हिवाळी ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय महिला. शिवा केशवनने बर्फावरच्या घसरगाडीच्या, म्हणजे ल्यूजच्या, शर्यतीत १९९८ ते २०१८ अशी सलग सहा ऑलिम्पिक केली. सोचीत तर आपल्या ऑलिम्पिक संघटनेवर बंदी होती, म्हणून उद्घाटनाला आपले तीन खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या झेंड्यामागे चालले. स्पर्धा चालू असतानाच बंदी उठली. २०१८ मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातल्या एफआयएस शर्यतीत कांस्य मिळवलं, आणि भारताला स्कीइंगमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळालं.

आता आपल्या पुण्याकडे येतो, कारण हा लेख लिहायला मला भाग पाडलं ते एका रिंकवरच्या मुलीने. आठवीत आहे, इनलाइन स्केट्सवर झकास वळते. तिने सरळ विचारलं, “सर, मी स्कीइंगमध्ये जाऊ शकते का? म्हणजे ऑलिम्पिकला?” शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईने “अगं, आधी दहावी कर” म्हणत तिला गप्प केलं. पण मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती, आणि तिला खरं उत्तर मिळायला हवं होतं.

खरं उत्तर असं. पुण्यात बर्फ नाही, पण स्केटिंग रिंक आहेत, आणि चाकांवर शिकलेला तोल, कडेवर वळणं, एका पायावर वजन नेणं हे बर्फावर कामी येतं. सह्याद्रीत चढणाऱ्या इथल्या मुलांचे पाय तर मुळातच मजबूत असतात. दर हिवाळ्यात पुण्यातून बरीच मुलं गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत किंवा औलीला बेसिक कोर्सला जातात. हे कोर्स उत्तम आहेत, पण त्यांतून स्की चालवता येते, शर्यत खेळता येत नाही. शर्यतीसाठी गेट लावलेल्या उतारावर हजारो वळणं घ्यावी लागतात, आणि ती सलग काही हिवाळे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून होतात, तिथे महाराष्ट्राचा संघ जातो. पण देशातला हंगाम आखूड आहे आणि आता भरवशाचाही राहिलेला नाही. २०२५ मध्ये गुलमर्गला पुरेसा बर्फ नसल्याने ही स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली होती.

साधारण सोळाव्या वर्षापासून महासंघाच्या शर्यती खेळता येतात. त्यासाठी राष्ट्रीय संघटनेमार्फत नोंदणी करून खेळाडूचा कोड घ्यायचा. कोड मिळाला की पहिल्या शर्यतीपासून गुणांची मोजणी सुरू. पहिला आकडा मोठा असेल, तीनशे, चारशे, कितीही. त्याला घाबरायचं नाही. तो खाली किती वेगाने येतोय ते बघायचं. आणि पालकांनी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी : पैसे महागड्या स्कीवर घालायचे की जास्त शर्यतींवर? माझं उत्तर दर वेळी शर्यतींवर असं आहे. जुन्या पण नीट धार लावलेल्या स्कीवर दहा शर्यती खेळलेली मुलगी, नव्या कोऱ्या स्कीवर दोन खेळलेल्या मुलीच्या पुढे जाते. क्रॉस-कंट्रीचा रस्ता तर आणखी जवळचा. रोलर स्की आणि पहाटेचा मोकळा रस्ता एवढ्यावर सुरुवात होते, आणि पुण्यात लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांची काही कमी नाही.

ऑलिम्पिक समितीच्या शिष्यवृत्त्या छोट्या देशांच्या हिवाळी खेळाडूंसाठीही असतात, पण त्या मिळायला आधी गुण दाखवावे लागतात. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात कठीण. त्या काळात कोणी ओळखत नाही, बातमी येत नाही, आकडा तीनशेवरून अडीचशेवर आला तर तो आनंद घरच्या तिघा-चौघांनाच कळतो. त्या मुलीच्या आईला मी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “गुलमर्गच्या कोर्सचे फॉर्म कधी निघतात?”